तीन टनांच्या अलीकडे आणि पलीकडे

दापोली तालुक्यातल्या मुरुडला कुणाच्या दारात नवी पिकअप आली, की नारळ वाढवून होतो न होतो तोच जमलेल्यांपैकी कुणीतरी विचारतं, "पासिंग किती?" उत्तर येतं 'दीड टन', नाहीतर 'एक सातशे', नाहीतर 'दोन टन'. विचारणारा मान डोलावतो आणि पेढा तोंडात टाकतो. (रायगडातलं जंजिऱ्याचं मुरुड वेगळं. हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं मुरुड, हर्णैच्या बंदराशेजारचं, सुपारीच्या वाड्यांचं आणि आता किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांचंही.) पण गाडी घेणाऱ्याला जे कळायला हवं, त्यातलं निम्मंही या उत्तरात नसतं. गाडीत किती माल बसतो हा एक आकडा झाला. मालासकट ती एकूण किती वजनाची होते हा दुसरा. कायदा, परमिट, ब्रेक, टायर आणि घाट या सगळ्यांना घेणंदेणं आहे ते या दुसऱ्या आकड्याशी.

हा दुसरा आकडा आरसी बुकात छापलेला असतो. 'अनलेडन वेट' म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन. 'ग्रॉस व्हेईकल वेट' म्हणजे गाडी, माल, ड्रायव्हर, क्लीनर, हौद्यावरचं हूड, ताडपत्री, दोरखंड, सगळं धरून गाडीनं रस्त्यावर टाकायचं जास्तीत जास्त वजन. दोन्हींची वजाबाकी केली की जे उरतं ते पासिंग, असं आपण धरून चालतो. त्यातही लबाडी आहे, पण तिच्याकडे नंतर येतो.

आज बाजारातल्या पिकअप बघितल्या तर त्यांच्या एकूण वजनाचे आकडे दोन ठिकाणी दाटीवाटीनं उभे असलेले दिसतात: एक गट ३,००० किलोच्या जरा आत, दुसरा ३,५०० च्या जरा आत. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे अशोक लेलँडची 'बडा दोस्त'. सप्टेंबर २०२० मध्ये ती आली तेव्हा दोन रूपांत आली. आय-३ चं एकूण वजन २,९९० किलो आणि मालाची क्षमता १,४०५. आय-४ चं एकूण वजन ३,४९० आणि क्षमता १,८६०. इंजिन दोन्हींना एकच, दीड लिटरचं, ८० अश्वशक्तीचं. आता वजाबाकी करा. रिकामी आय-३ भरते १,५८५ किलो आणि रिकामी आय-४ भरते १,६३०. म्हणजे गाडीत पंचेचाळीस किलो वाढले आणि कागदावर माल वाढला साडेचारशे किलोंनी. असे जादा किलो साधारणपणे जातात ते जाड कमानपाट्यांत, जास्त भाराच्या टायरांत आणि चाकांत. इंजिन तेच, चेहरा तोच, आणि तरी या दोन गाड्या सरकारदरबारी वेगवेगळ्या बाजूला उभ्या आहेत.

ही सीमा कुठून आली? मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६६ मध्ये. मालवाहू गाडीला परमिट लागतं हा नियम, आणि ज्या मालगाडीचं एकूण वजन ३,००० किलोच्या वर जात नाही तिला तो लागू नाही, ही त्यातली सूट. २,९९० हा आकडा इंजिनिअरच्या टेबलावर कमी आणि या कलमाच्या शेजारी बसून जास्त ठरलेला आहे. ३,५०० ची सीमा निराळ्या घराण्यातली. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या वर्गवारीत साडेतीन टनांपर्यंतची मालगाडी 'एन-१', त्यावर बारा टनांपर्यंतची 'एन-२' आणि त्यापुढची 'एन-३'. भारतानं हीच वर्गवारी घेतली. एन-१ गाडीच्या धुराची चाचणी अख्खी गाडी रोलरवर पळवून होते, मोटारकारसारखी. साडेतीन टनांच्या वर गेलात की इंजिन एकटं चाचणीला बसवतात आणि मोजमापाची पद्धतच बदलते. त्यामुळे कंपनीला ३,४९० वर थांबणं सोयीचं पडतं.

ही काही आपल्याकडचीच गंमत नाही. अमेरिकेत जड पिकअपचे दोन वर्ग आहेत, ८,५०१ ते १०,००० पौंड आणि १०,००१ ते १४,००० पौंड. धंद्यासाठी चालवलेली गाडी १०,००१ पौंडांना पोचली की तिथले व्यापारी वाहनांचे संघराज्याचे नियम लागू होतात, म्हणून तिथेही कित्येक गाड्या बरोब्बर १०,००० पौंडांवर नोंदवल्या जातात, म्हणजे ४,५३६ किलोंवर. तिथले लोक या दोन वर्गांना अजूनही 'पाऊण टन' आणि 'एक टन' म्हणतात. ही नावं फार जुन्या काळातली, त्या गाड्या आज त्याच्या दुपटीनं ओझं नेतात. आपल्याकडे खरी पाऊण टनाची गाडी मे २००५ मध्ये आली. टाटा एस, ७५० किलो मालाची, दोन सिलिंडरच्या ७०२ सीसी डिझेल इंजिनाची. तिला लोकांनी 'छोटा हत्ती' म्हटलं. ७५० किलोच्या गाडीला हत्ती म्हणायचं आणि पुढे तिच्यावर खरोखर हत्तीचं ओझं लादायचं, हे दोन्ही आपणच केलं.

परमिट सोडलं तर आपल्याकडच्या या दोन वर्गांत कागदोपत्री फरक किती? वाटतो त्यापेक्षा कमी. विम्यात तिसऱ्या पक्षाच्या हप्त्याची पहिली पायरीच साडेसात टनांपर्यंत आहे. २०२२ च्या दरपत्रकात ती १६,०४९ रुपये होती, गाडी २,९९० ची असो की ३,४९० ची. महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात साडेसात टनांपर्यंतच्या हलक्या मालगाड्यांना नोंदणीच्या वेळीच किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर ठेवला, म्हणजे तिथेही वजनाऐवजी किंमत बोलते. लायसनचा गुंताही सुटला आहे. हलक्या मोटारीचं लायसन असलेल्यानं साडेसात टनांपर्यंतची मालगाडी चालवायला वेगळा शेरा लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ रोजी कायम केलं. फिटनेस, पीयूसी, पिवळी पाटी दोघींनाही चुकत नाही. उरलं परमिट. ते पाच वर्षांचं मिळतं आणि राज्याबाहेर जायचं तर आणखी कागद आणि आणखी पैसे. ज्याचा आंबा बेळगावला किंवा सुरतेला जातो त्याला ही कटकट जाणवते. ज्याच्या फेऱ्या वाशी आणि पुणे यापलीकडे जात नाहीत, त्यानं केवळ परमिट चुकवण्यासाठी लहान गाडी घ्यावी इतकं ते जड नाही. पण शोरूममध्ये मात्र 'परमिटची झंझट नाही' हेच वाक्य पहिलं कानावर पडतं.

खरा निर्णय हौद्यात होतो. प्रत्येक मालाच्या बाबतीत एकच विचारायचं: आधी जागा भरते की आधी वजन भरतं?

मघाची लबाडी इथेच येते. १,४०५ किलो पासिंग म्हणजे १,४०५ किलो माल नव्हे. आरसीवरचं रिकाम्या गाडीचं वजन ड्रायव्हरशिवायचं असतं. दोन माणसं बसली, दीडशे किलो गेले. लोखंडी हूड, ताडपत्री, दोर यांचे पन्नास तरी. म्हणजे आय-३ मध्ये प्रत्यक्ष माल बाराशे किलो आणि आय-४ मध्ये साडेसोळाशे, असं धरून चाललं तर पोटात गोळा येत नाही.

आता हापूस. पाच डझनी पेटीत साठ फळं, अडीचशे ग्रॅमचं एक धरलं तर पंधरा किलो आंबा. खोका आणि आतलं गवत मिळून आणखी चार. एकोणीस किलोची पेटी. आय-३ मध्ये अशा त्रेसष्ट पेट्या कायद्यानं बसतात, आय-४ मध्ये सत्त्याऐंशी. नऊ फूट बाय साडेपाच फुटांच्या हौद्यात एका थरात साधारण तेहेतीस पेट्या मावतात. म्हणजे लहान गाडीत दुसरा थर पुरा होत आला की थांबायचं आणि मोठीत तिसरा थर पुरा व्हायच्या आत थांबायचं. हूड तर पाच थरांचं असतं! डोळ्यांना अर्धी गाडी रिकामी दिसत असते, बागायतदाराचा जीव खालीवर होत असतो, आणि वाशीला पहाटेच्या आत पोचायचं असतं. ओव्हरलोडचा जन्म बहुतेक वेळा हावेतून होत नाही, त्या रिकाम्या दिसणाऱ्या तीन थरांतून होतो.

जांभ्याचा चिरा घ्या. साधारण चौदा इंच लांब, नऊ रुंद, सात उंच. जांभ्याची घनता पाण्याच्या दुपटीच्या आसपास, म्हणजे एक चिरा तीस किलोंच्या घरातला. हौद्याच्या तळावर एकाला एक लावून आडवे रचले तर एका थरात जास्तीत जास्त छप्पन्न बसतात. त्यांचं वजन होतं १,६८० किलो. हा एक थर म्हणजे तळावर अंथरलेली फरशी दिसते, फाळक्याच्या निम्म्यालाही येत नाही. आणि तरी आय-३ च्या बाराशेच्या पुढे तो जवळजवळ पाचशे किलो गेलेला असतो. आय-४ ला तो जेमतेम झेपतो, तोही दोन-चार चिरे काढल्यावर. पावसाळ्यात आणखी वाईट, कारण जांभा सच्छिद्र असतो आणि भिजला की वजन धरतो. मुरुड-कर्दे पट्ट्यात रिसॉर्टांचं बांधकाम वाढल्यापासून पिकअपमध्ये चिऱ्यांचे दोन थर मी पाहिलेले आहेत. मागची चाकं मडगार्डात शिरलेली आणि पुढचे दिवे आभाळाकडे.

वाळूचं गणित तर मोडूनच पडतं. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, वजन साडेचार टनांच्या आसपास. अर्धा ब्रास सव्वादोन टन. पिकअपच्या दोन्ही वर्गांपैकी कुणालाच अर्धा ब्रास कायद्यानं नेता येत नाही, आणि 'पिकअपभर वाळू' म्हणजे अर्धा ब्रास असं मात्र सगळे धरून चालतात. पाण्याचं तसंच. हजार लिटर म्हणजे हजार किलो, वर टाकी वेगळी. शिवाय अर्धी टाकी भरलेली असली तर वळणावर पाणी एका अंगाला जातं आणि गाडीला आपल्याबरोबर ओढतं. टाकी न्यायची तर पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी.

उलट बाजूला पेंढा, गवत, झापं, मंडपाचं सामान, थर्माकोल. यांनी हौदा शिगोशीग भरला तरी पाच-सहाशे किलोंवर काटा जात नाही. त्यांना वजनाचा वर्ग नको, लांबी हवी. हा माल नेणाऱ्यानं ३,४९० ची गाडी घेतली तर तो न वापरलेल्या पोलादाचे पैसे भरतो आणि वर त्याला परमिट काढतो. सुपारी, सोललेले नारळ, किराणा हे मधले. हर्णैची मासळी फसवी. मासळीपेक्षा तिच्याबरोबरचा बर्फ विसरला जातो, आणि तो वितळून गळतो ते खारं पाणी चॅसिसच्या सांध्यांत, ब्रेकच्या नळ्यांवर जाऊन बसतं. बंदरावर बैलगाड्या पाण्यात शिरून होड्यांची मासळी काठावर आणतात, त्यांना लोखंड कमी म्हणून त्या टिकतात. पिकअपला मात्र प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्यानं खालून धुणं हाच उपाय. इथे वर्ग कोणताही असो, गंज सारखाच.

आता घाट. मुरुडचा भूगोल एका बाबतीत गाडीवाल्याच्या विरोधात आहे. दापोली समुद्रसपाटीपासून सुमारे २४० मीटरवर, मुरुड समुद्राच्या काठाला. आंबा, सुपारी, मासळी हा जाणारा माल वर चढतो. चिरा, सिमेंट, सळई, वाळू हा येणारा माल सड्यावरून किंवा दापोलीकडून आसूदमार्गे खाली उतरतो. म्हणजे सगळ्यात जड ओझी नेमकी उताराच्या दिशेनं येतात. चढावर गाडीची ताकद कमी पडली तर ती दमते, क्लच जळका वास देतो, फार तर थांबते. उतारावर कमी पडलं तर थांबत नाही, हीच अडचण.

उतारावर होतं काय? उंचीवर असलेल्या गाडीत साठलेली ऊर्जा खाली येताना कुठेतरी जायला हवी. २,९९० किलोची गाडी २४० मीटर उतरते तेव्हा जी ऊर्जा सुटते तिनं माठातलं चोवीस लिटर पाणी उकळेल. ३,४९० ची असेल तर अठ्ठावीस लिटर. आणि आय-४ मध्ये चिऱ्यांचे दोन थर भरले तर एकूण वजन सव्वापाच टनांच्या जवळ जातं, म्हणजे बेचाळीस लिटर. यातला बराच वाटा टायरांचं घर्षण आणि वारा खातो, काही इंजिन खातं. उरलेला सगळा ब्रेकच्या लायनरमध्ये आणि ड्रममध्ये उष्णता होऊन शिरतो. ब्रेक तेवढेच, चाकं तेवढीच, ड्रम तेवढाच. लायनर एका मर्यादेपलीकडे तापलं की त्याची पकड सुटत जाते. पायाखालचा पेडल कडक असतो, दाबला जातो, पण गाडी ऐकत नाही.

याहून वाईट प्रकार ब्रेक ऑइलचा. हे तेल हवेतला ओलावा शोषतं, आणि कोकणात ओलावा कमी पडत नाही. डॉट-३ प्रतीचं नवं तेल २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १४० अंशांना. डॉट-४ चे हेच आकडे २३० आणि १५५. तापलेल्या चाकाजवळ तेल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि पेडल मऊ होऊन थेट खाली बसतो. दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला असं कंपन्या सांगतात, त्याचं कारण हे. मुरुडला दरवर्षी पावसाळ्यानंतर बदललं तर पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही.

जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गियरमध्ये चढलास त्याच गियरमध्ये उतर. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडणारे त्याच्या नेमकं उलट करतात, आणि वाचतही काही नाही. आजच्या डिझेल इंजिनाला उतारावर, गियरमध्ये असताना आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलेला असताना, इंधन जातच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतं.

पाट्यांबद्दल बोलल्याशिवाय हा विषय संपत नाही. २,९९० ची गाडी घ्यायची, परमिट वाचवायचं आणि मग गॅरेजमध्ये जाऊन मागे दोन पाटे वाढवायचे, हा सर्रास चालणारा तोडगा आहे. पाटे वाढले की गाडी बसत नाही, दिसायला ताठ राहते, आणि मालकाला वाटतं क्षमता वाढली. पाट्याचं काम गाडी वर धरणं. ओझं मात्र पाट्यातून एक्सलला, एक्सलमधून बेअरिंगला, बेअरिंगमधून टायरला पोचतंच, आणि यातलं काहीच बदललेलं नसतं. ब्रेक तर नाहीच नाही. गाडी बसलेली दिसली तर निदान ड्रायव्हर जपून तरी चालवतो. पाटे वाढवलेली गाडी त्याला तेही कळू देत नाही.

टायरवर या सगळ्याचा खरा आकडा छापलेला असतो. मापाच्या पुढे दोन किंवा तीन अंकी संख्या येते, तो भारांक. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०८ म्हणजे १,०००, ११२ म्हणजे १,१२०, ११६ म्हणजे १,२५०. मागे एकेरी चाकं असलेल्या गाडीला १०८ चे टायर असतील तर मागच्या एक्सलवर दोन हजार किलो ही हद्द, तीही हवा पूर्ण असताना. वरच्या वर्गाची गाडी घेताना ३,४९० च्या पाटीपेक्षा हा आकडा आधी बघावा, आणि टायर बदलताना स्वस्तातला, कमी भारांकाचा टायर दुकानदार गळ्यात मारत नाही ना, हेही.

दंडाचं काय? १ सप्टेंबर २०१९ पासून कलम १९४ प्रमाणे जादा ओझ्याला वीस हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. पूर्वी हेच दोन हजार आणि टनाला एक हजार होतं. शिवाय जादा माल उतरवल्याखेरीज गाडी हलू द्यायची नाही आणि उतरवण्याचा खर्चही मालकाचा. आंब्याच्या गाडीला रात्री दोन वाजता रस्त्याकडेला पेट्या उतरवणं म्हणजे काय हे बागायतदारालाच ठाऊक. या कलमात मला एक विषमता खटकते. अठरा टनी ट्रकनं एक टन जादा घातला तर बावीस हजार आणि पिकअपनं एक टन जादा घातला तरी बावीस हजार. वीस हजारांचा मूळ दंड गाडी बघत नाही. ट्रकला ते एका फेरीचं नुकसान, पिकअपवाल्याचा महिना जातो. पण दुसऱ्या बाजूनं बघितलं तर ट्रकला एक टन म्हणजे अठराव्या हिश्श्याची वाढ आणि पिकअपला जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याची. धोका पिकअपचाच जास्त, त्यामुळे तक्रार फार ताणता येत नाही.

एक गोष्ट मात्र पिकअपवाल्याच्या बाजूनं सांगायला हवी. गावचा रस्ता उखडला की बोट त्याच्याकडेही जातं, ते बहुतांशी अन्यायाचं आहे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवले गेले. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की रस्त्याची झीज एक्सलवरच्या भाराच्या चौथ्या घातात वाढते. दोन टनांचा एक्सल आणि दहा टनांचा एक्सल यांच्या भारात पाचपट फरक, पण झिजेत सहाशे पंचवीस पट. आसूदचा रस्ता कुणी खाल्ला असेल तर तो चिऱ्याच्या आणि वाळूच्या मोठ्या डंपरांनी. पिकअपचं ओव्हरलोड रस्त्यापेक्षा पिकअपलाच खातं.

मग मुरुडच्या माणसानं घ्यावी कुठली? माझं मत सरळ आहे. बाग, मासळी, हॉटेलचा किराणा, लग्नसराईतलं मंडपाचं भाडं, यावर ज्याची गाडी चालणार आहे, त्यानं तीन टनांच्या आतली घ्यावी. चोवीस पेट्या जादा बसतात म्हणून वरचा वर्ग घेणाऱ्यानं आधी स्वतःला विचारावं, की हंगामात रोजची सत्त्याऐंशी पेट्यांची फेरी माझ्या बागेतून निघते का? हंगाम तीन महिन्यांचा, त्यातही भरघोस आठवडे मोजके. शेजारच्या दोन बागांचा माल घेऊन जो वाशीच्या फेऱ्या मारतो त्याचं गणित वेगळं, त्याला ३,४९० ची गाडी परमिटसकट परवडते. आणि ज्याला बांधकामाचं भाडं मारायचं आहे, त्यानं पिकअपचे दोन्ही वर्ग विसरून चारशेसातकडे बघावं. जपानी भागीदारीतल्या गाड्यांना उत्तर म्हणून टेल्कोनं १९८६ मध्ये आणलेली ती गाडी मागे जोडचाकांची आहे, एकूण वजन साडेचार टनांच्या आसपास, आणि लायसन तेच चालतं. जुनी, चांगल्या स्थितीतली चारशेसात ही नव्या ३,४९० च्या पिकअपला मुरुडमध्ये खरी स्पर्धक आहे, पण शोरूममध्ये हे कुणी सांगणार नाही.

रुंदीचाही विचार हवा, थोडक्यात. वाड्यांमधल्या चिरेबंदी गडग्यांच्या मधून जाणाऱ्या वाटा बैलगाडीच्या मापाच्या आहेत. छोटा हत्ती ४.३ मीटरच्या त्रिज्येत वळतो, मोठ्या पिकअपला त्याहून बरीच जागा लागते. बागेच्या तोंडापर्यंत गाडी जात नसेल तर पेट्या डोक्यावरून रस्त्यावर आणायला गडी लागतात आणि वाचलेली फेरी मजुरीत जाते. काही जण म्हणून एक छोटा हत्ती घरचा ठेवतात आणि वाशीसाठी मोठी गाडी भाड्यानं बोलावतात, हा मार्ग मला पसंत आहे.

गाडी कुठलीही घ्या, हूड बसवून झालं, स्टेपनी-जॅक-दोर सगळं चढलं, की ती एकदा रिकामीच वजनकाट्यावर न्या. पावतीवरचा आकडा ग्रॉस व्हेईकल वेटमधून वजा केला, ड्रायव्हर-क्लीनरचे दीडशे काढले, की तुमच्या गाडीचं खरं पासिंग कळतं. ते आरसीवरून काढलेल्यापेक्षा कमीच येणार. मग पहिली भरलेली फेरी काढाल तेव्हा पुन्हा काट्यावर जा, आधी फक्त पुढची चाकं चढवा, मग फक्त मागची, आणि दोन्ही पावत्या घ्या. मागच्या एक्सलचा आकडा मागच्या दोन टायरांच्या भारांकाच्या बेरजेला टेकत असेल आणि एकूण वजन मात्र हद्दीत असेल, तर पेट्या कमी करायची गरज नाही. फाळक्याकडचा थर काढून केबिनला चिकटवून पुढे रचायचा. मागच्या चाकांच्या मागे गेलेला प्रत्येक किलो पुढची चाकं उचलतो, स्टेअरिंग हलकं करतो, आणि आसूदच्या वळणावर ते हलकं स्टेअरिंग ड्रायव्हरला फार आवडतं, वळण सरेपर्यंत.